दारावरची माणसं

बाईंनी नोकरी सोडली तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि रुग्णालयातल्या चारशे बारा एक्स्टेंशनांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या. बाहेरून कुणाचा फोन आला की तो हव्या त्या वॉर्डात, हव्या त्या डॉक्टरांकडे जोडून द्यायचा, एवढंच काम. सत्तावीस वर्षं तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून त्यांनी हेच केलं. सगळ्या रुग्णालयाला त्यांचा आवाज ठाऊक होता, चेहरा फारसा कुणाला नाही. निरोपाच्या दिवशी एक मोठे सर्जन मुद्दाम खाली आले आणि त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुम्हीच का त्या बोर्डवाल्या बाई? मला वाटलं होतं, तुम्ही चांगल्या उंच असाल."

बाई जेमतेम पाच फूट होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बसूनच काम होतं ना डॉक्टर, उंचीची गरजच पडली नाही."

झालं होतं असं, की नवं यंत्र आलं. फोन करणाऱ्याला एक दाबा, दोन दाबा असं सांगणारं. बोर्डावरच्या तिघींना साहेबांनी बोलावून घेतलं. एक तर तळघरात जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसा, नाहीतर एकरकमी पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा. दोघी तळघरात गेल्या. बाईंनी पैसे घेतले, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. करायचंच नव्हतं असं काही नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. घरात त्या आणि आई, दोघीच. त्यांनी विचार केला, आईजवळ दिवसभर बसता येईल, जाण्यायेण्याचा खर्च वाचेल, भागेल कसंही.

आई त्यानंतर सात महिन्यांनी गेली.

धाकटा भाऊ दुसऱ्या गावाहून आला, चार दिवस राहिला. सगळं आटोपल्यावर निघायच्या आदल्या सकाळी त्याने टेबलावर कागद पसरला. भाऊ हिशेबाला पक्का होता.

"ताई, पूर्ण पेन्शन तुला साठीला सुरू होणार. म्हणजे आठ वर्षं काढायची. बँकेत जी रक्कम टाकली आहेस, तिच्या व्याजात भागव. मुद्दलाला हात लावायचा नाही. एकदा लावलास की हात सैल पडतो."

"नाही लावणार."

"आजारपण आलं तर?"

"तर तुला फोन करीन."

भाऊ कागदाची घडी घालत बसला. तो वाईट माणूस नव्हता. दोन मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, वर बायकोचं गुडघ्यांचं दुखणं. त्याचंच नाकातोंडात पाणी जात होतं. बाईंना हे कळत होतं, म्हणून त्यांनीच विषय बदलला आणि त्याला वाटेत खायला काय देऊ ते विचारलं. पुढे दर रविवारी सकाळी तो नेमाने फोन करू लागला. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला मागून वहिनीची हाक यायचीच.

भाऊ गेल्यावर बाईंनी महिन्याचा खर्च लिहून काढला. घर स्वतःचं होतं, दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. ती एक जमेची बाजू. पण व्याज आणि खर्च शेजारी शेजारी मांडले तर खर्च बराच पुढे पळत होता. कात्री लावणं आलं. कुठे लावायची, ते त्यांनी चहा पिता पिता ठरवलं.

पहिला गेला इस्त्रीवाला. ते सोपं होतं. बोर्डावर जायचं नाही तर परीटघडीचे कपडे हवेत कुणाला? तो आला तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं. तो म्हणाला, "काही हरकत नाही, बाई. पण घरात तरी चुरगळलेलं घालू नका हं, तुम्हाला शोभत नाही." आणि हसत जिना उतरला. मग वर्तमानपत्र बंद झालं. पेपरवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे न्यायला यायचा आणि दर वेळी "आजी काय म्हणतात?" असं विचारायचा. आई गेल्याचं त्याला सांगायचंच राहिलं होतं. पेपर बंद करायचा म्हणून सांगताना बाईंनी तेही सांगून टाकलं. तो बिचारा चपला काढून आत आला, दोन मिनिटं खुर्चीच्या कडेला टेकला, आणि त्या महिन्याचे पैसे घेईना. बाईंनी बळेच त्याच्या हातात कोंबले.

तिसरा दूधवाला. हा म्हणजे चालतंबोलतं वार्तापत्र. तिसऱ्या मजल्यावर कोण भांडलं, तळमजल्यावरच्यांचा जावई कुठल्या नोकरीवरून निघाला, सगळं दुधाबरोबर घरपोच. पण कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवी स्वस्त पडायची, आणि एका माणसाला दूध लागतं किती?

"आता तुम्हीसुद्धा!" दूधवाला म्हणाला. "अहो, जिने चढून चढून माझे पाय तुमच्या मजल्याला ओळखतात. उद्या सवयीनं आलो तर हाकलू नका."

दोनदा तो खरंच सवयीनं आला. मग यायचा थांबला.

महिनाअखेर खर्च व्याजाच्या बराच जवळ आला. त्यांना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. रविवारी भावाला सांगितलं तर तोही खूश. "शाब्बास ताई! असंच चालू दे."

राहिल्या मावशी. भांडी, केर आणि फरशी करायला चौदा वर्षं येत होत्या. आईला उठवून बसवायला हात लागायचा, तो त्यांचाच. बाई बोर्डावर असायच्या तेव्हा आईला दुपारचं औषध द्यायचं काम कुणी न सांगता त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांचं नाव कापायचं तर जिवावर येत होतं. पण कागदावर सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच होता, आणि भांडी म्हणाल तर एक ताट, एक वाटी, एक पातेलं, एक कप. बाई दोन महिने नुसत्या घोळत राहिल्या. रोज ठरवायच्या आज सांगू, आणि मावशी आल्या की म्हणायच्या, "चहा घेता ना?"

शेवटी एका सकाळी, मावशी पातेलं पुसत असताना त्यांनी तोंड उघडलं.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून…"

"हां."

"म्हणजे आता मी एकटीच. मला दिवसभर काम तरी काय आहे?"

मावशींनी पातेलं जागेवर पालथं घातलं, हात पुसले. "केवढा वेळ लावलात बाई. मी दोन महिने वाट बघतेय. समोरच्या इमारतीत एका घरचं काम मिळत होतं, तुमच्यापायी अडवून धरलं होतं."

"मला बोलायला जीभ उचलत नव्हती."

"ते दिसत होतं. रोज चहात साखर जास्त पडत होती." मावशी हसल्या. मग त्यांनी न सांगता सगळं घर एकदा पुसून काढलं, पलंगाखालीसुद्धा, आईच्या खोलीतसुद्धा. जाताना म्हणाल्या, "कपाटामागे हात पोचायचा नाही तुमचा, तिथे काठीला फडकं बांधा." आणि गेल्या.

त्या महिन्यात खर्च पहिल्यांदा व्याजाच्या आत बसला. नुसता बसला नाही, ऐसपैस बसला.

बाई सकाळी सहाला उठत. केर, फरशी, अंघोळ, चहा. स्वयंपाक एकदाच, दोन्ही वेळचा. दहापर्यंत घर लख्ख आणि हात रिकामे. मग त्या खिडकीपाशी बसत. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मावशी गॅलरीत फडकी वाळत घालताना दिसायच्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण कामाच्या घरात असलेल्या माणसाला हाक मारायची कशी, आणि मारून म्हणायचं तरी काय? एक-दोनदा मावशींनी वर बघून हात केला. नंतर त्यांच्या कामाची वेळ बदलली असावी, दिसेनाशा झाल्या.

एका गुरुवारी बाई दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. "अर्धा लिटर," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर निघाली. दुकानदाराने मान वर केली. बाईंनी खाकरून पुन्हा सांगितलं.

"घसा बसला का?" दुकानदाराने विचारलं.

"हो. जरा."

घसा बसलेला नव्हता. घरी येताना बाईंनी आठवून पाहिलं. रविवारी भावाशी बोलणं झालं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवसांत तोंडातून शब्द निघालेला नव्हता. एके काळी एका पाळीत सहाशे-सहाशे वेळा "हॅलो" म्हणणारी बाई. जिन्यात त्या थांबल्या आणि कुणी नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "हॅलो, रुग्णालय. कोणता वॉर्ड?" आवाज होता तसाच होता. त्यांना एकदम इतकं कानकोंडं झालं की उरलेल्या पायऱ्या त्या भराभर चढून गेल्या.

थंडीच्या दिवसांत त्यांना ताप आला. सोमवारी दुपारी अंग मोडून आलं, संध्याकाळी फणफणल्या. घरात तापाच्या गोळ्या होत्या, आईच्या वेळच्या. तारीख उलटून गेलेली, तरी त्यांनी घेतल्या. मंगळवारी उठून भात टाकला आणि गॅसपाशी उभं राहवेना म्हणून तो तसाच अर्धाकच्चा बंद करून पडल्या. बुधवारी दिवसभर पडून होत्या. जिन्यावर पावलं वाजत. दुसऱ्या मजल्यापर्यंत येत, वळत, वर जात. प्रत्येक वेळी बाई कान देत. सवयच होती ती, आवाजावरून माणूस ओळखायची. हा तिसऱ्या मजल्यावरचा, ही त्याची बायको, हा दूधवाला. दूधवाल्याची पावलं त्यांच्या दारासमोर क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटली, पण तो नुसता कॅन या हातातून त्या हातात घेत होता. वर निघून गेला.

त्या पडल्या पडल्या मोजू लागल्या. आधी सकाळी सहाला पेपर, साडेसहाला दूध, नऊला मावशी, एक दिवसाआड इस्त्रीवाला. मागल्या वर्षी आपण अशा पडलो असतो तर साडेसहाला दूधवाल्याने दार ठोठावलं असतं, नऊला मावशींनी फोडलं असतं. आता रविवारपर्यंत कुणाला कळायचं नाही. आणि हे कुणी येऊन केलेलं नाही. आपणच केलं, एकेकाला दारातून परत पाठवून. वर शाब्बासकीही घेतली.

भावाला त्यांनी फोन केला नाही. हातात घेतला होता, पण तो कामावर असणार. धावत आला तर रजा बुडणार, गाडीभाडं पडणार, आणि नाही आला तर ते आणखी वाईट. शुक्रवारी ताप उतरला. रविवारी भावाने विचारलं, "बरी आहेस ना?" बाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय!"

अंगात जरा त्राण आल्यावर त्या मावशींकडे गेल्या. चौदा वर्षांत त्या मावशींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. पत्ता दुकानदाराला विचारावा लागला. मोठ्या रस्त्यापलीकडे, गॅरेजच्या मागच्या गल्लीत, पत्र्याचं दार असलेली एक खोली. मावशी स्टुलावर बसून गरम पाण्यात पाय बुडवून होत्या. बाईंना बघून उठायला लागल्या.

"बसा, बसा. पाय नका काढू."

"बाई, किती वाळलात! आजारी होता?"

एवढं विचारल्याबरोबर बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "मावशी, परत या माझ्याकडे. मी बसवलंय सगळं हिशेबात. दुपारची फळं बंद केली, बसचं तिकीट काढण्याऐवजी बँकेत चालत जाते. निघतात पैसे."

मावशींनी पाण्यात पाय हलवले.

"ती वेळ मी दुसरीकडे दिली हो. तिथं दोन लहान लेकरं आहेत, पैसे बरे देतात. सोडून कशी येऊ?"

"आठवड्यातून एकदा?"

"बाई, तीन भांड्यांना कुणी बाई ठेवतं का?"

"भांड्यांसाठी नाही." बाई अडखळल्या. "घरात कुणी बोलायला नसतं."

मावशींना हसू आलं, पण त्यात टिंगल नव्हती. "आणि मला कुठे असतं? पाच घरं करते मी. पाचही घरी मला ओळीनं काय सांगतात माहीत आहे? हे घासा, ते पुसा. घरी आले की पाय सुजलेले आणि तोंडाला कुलूप. तुमच्याकडेच काय तो चहा होता." त्यांनी पाय पुसले. "तुमची मागची खोली रिकामीच आहे ना? आजींची?"

"आहे."

"मग?" मावशी म्हणाल्या. "फरशी पुसताना मला रोज वाटायचं, ही खोली भाड्यानं का देत नाहीत."

घरी जाताना बाईंना तो विचार अजिबात पटला नाही. आईच्या खोलीत परकं माणूस! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खोलीचं दार उघडलं, तिसऱ्या दिवशी पलंग भिंतीकडे सरकवून पाहिला, आणि आठवडाभराने दुकानदाराच्या काउंटरवर चिठ्ठी लागली: एक खोली भाड्याने, फक्त बाईमाणसाला.

भाऊ रविवारी चांगलाच उखडला. "ताई, दिवस कसले आहेत! कोण कुठली, तिला घरात घेणार?"

"भाडं येईल दर महिन्याला."

"किती?"

बाईंनी आकडा सांगितला. मग भाऊ जरा नरमाईने म्हणाला, "दोन महिन्यांचं आगाऊ घे मात्र." खरं कारण बाईंनी त्याला सांगितलं नाही. भाड्याची भाषा त्याला कळत होती, त्याच भाषेत बोलणं बरं.

खोली बघायला आली ती चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई. बेचाळीस-त्रेचाळीसची, सडपातळ, हातात एकच पिशवी. तिने खोली बघितली, खिडकी लावून-उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला.

"वीजबिल वेगळं की भाड्यातच?"

"निम्मंनिम्मं."

"ताई, मी सकाळी नऊला जाते, सातला येते. निम्मं कसं?"

हिला हिशेब कळतो, हे बाईंना आवडलं. तिसरा हिस्सा ठरला.

"पाहुणे आलेले चालतील?"

"चालतील, अगदी चालतील," बाई जरा जास्तच घाईने म्हणाल्या.

"येत नाही कुणी," चष्मेवाली म्हणाली. "विचारून ठेवलं."

ती राहायला आली. बाईंनी मनात काय काय बांधलं होतं. संध्याकाळी चहा होईल, दोन गोष्टी होतील. तसं काही झालं नाही. ती सातला यायची, "आले," म्हणायची आणि दार लावून घ्यायची. तिचं कपाट वेगळं, डबे वेगळे, आणि गॅसपाशी उभी राहायची तीही दहा मिनिटं, घाईघाईने, दुसऱ्याच्या घरात उभं राहावं तशी. एकदा बाईंनी मुद्दाम दोन माणसांचा स्वयंपाक केला. ती म्हणाली, "मी खाऊन आले." खाऊन आलेली नव्हती; थोड्या वेळाने खोलीतून बिस्किटांच्या पुड्याचा कागद वाजला. दुसऱ्या दिवशी उरलेलं अन्न त्यांनी गरम करून एकटीने दोन्ही वेळा खाल्लं, आणि पुन्हा विचारायचं नाही असं मनाशी ठरवलं. भिंतीपलीकडून खोकल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा तेवढा ऐकायचा. त्यातल्या त्यात ते बरं होतं. पण काही संध्याकाळी मात्र एकटं असण्यापेक्षाही ते जड जायचं.

असे दोन-अडीच महिने गेले. एका शनिवारी बाजार उठायच्या वेळेला बाई भाजी आणायला गेल्या. त्या वेळेला भाजीवाले उरलेल्या, दबलेल्या मालाचा ढीग एका बाजूला करतात आणि निम्म्या भावात देऊन टाकतात. बाई त्या ढिगातून टोमॅटो निवडत होत्या. समोरून दुसरा एक हात त्याच टोमॅटोवर आला. त्यांनी वर पाहिलं तर चष्मेवाली.

दोघी क्षणभर तशाच वाकलेल्या. चष्मेवालीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ती काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात बाई तो टोमॅटो उलटा करून म्हणाल्या, "हा नको. खालून गेलाय. हा घ्या." आणि त्यांनी दुसरा तिच्या हातात ठेवला.

"तुम्ही नेहमी याच वेळेला येता?" चष्मेवालीने विचारलं.

"शनिवारी. बुधवारी माल चांगला नसतो."

"मी मंगळवारी येते. मंगळवारी पालेभाजी बरी असते."

"हो का? मला माहीत नव्हतं."

परतताना दोघी बरोबर चालल्या. फारसं बोलणं झालं नाही. चष्मेवालीने एवढंच सांगितलं, की तिचा नवरा आहे, दुसऱ्या गावी आहे, आणि ती परत जाणार नाही. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. जिन्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी मी खाऊन आले नव्हते."

"माहीत आहे."

"एकदा खाल्लं की रोजचं होतं. मग मी काय देणार तुम्हाला? म्हणून नको म्हटलं."

वर आल्यावर बाईंनी कुलूप काढलं आणि तिला आधी आत जाऊ दिलं.

त्यानंतर काही जादू झाली नाही. ती सातला यायची, "आले," म्हणायची, दार लावायची. मात्र पुढल्या आठवड्यात, रविवारी भावाचा फोन ठेवल्यावर बाई पिशवी घेऊन निघाल्या आणि तिच्या दारावर टकटक केली.

"दुकानात चाललेय. तुम्हाला काही आणायचं का?"

"नको ताई, आहे सगळं."

बाई चपला घालेपर्यंत दार पुन्हा किलकिलं झालं. "खरं तर साबण संपलाय. अंगाचा. पैसे देते."

"आल्यावर द्या."

बाई जिना उतरल्या, कोपऱ्यावर गेल्या, दुकानात साबणांच्या फळीपुढे उभ्या राहिल्या. एरवी त्या सगळ्यात स्वस्त ती वडी उचलून मोकळ्या व्हायच्या. आज त्यांचा हात अडला. कुठला वापरते ती? विचारलंच नाही. दुकानदार म्हणाला, "काय बाई, साबण पसंत करताय की जावई?" बाई तशाच माघारी फिरल्या, दोन मजले पुन्हा चढल्या आणि धापा टाकत तिच्या दारावर थाप मारली.

"कुठला आणू?"

चष्मेवाली बुचकळ्यात पडली. "एवढ्यासाठी परत आलात? कुठलाही चालेल हो."

"कुठलाही नाही," बाई म्हणाल्या. "नीट सांगा."